डाव्या पायाची झीज

मोज्यांच्या धंद्यात ज्यानं केस पांढरे केले, त्याला गिऱ्हाइकांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. एका टपालवाल्याची गोष्ट सांगतात. तो दर थंडीच्या तोंडावर दुकानात यायचा आणि दीड जोडी मोजे मागायचा. दुकानदार म्हणायचा, अहो, मोजे जोडीनं विकतात, वांग्यांसारखे सुटे नाही. त्यावर हा गृहस्थ गंभीरपणे सांगायचा, माझी उजवी टाच खादाड आहे, तिला दोन लागतात. दुकानदारही काही कमी नव्हता. उरलेला एकटा मोजा त्यानं पायानं मशीन चालवणाऱ्या एका शिंप्याच्या गळ्यात मारला, कारण त्या शिंप्याचा डावा चवडा असाच खादाड होता.

गोष्ट हसण्यावारी न्यायची, पण धंद्याचं मर्म तिच्यात आहे. कारखान्यातून निघताना सगळे मोजे एकसारखे असतात, इतके की डावा-उजवा हा भेदसुद्धा नसतो. पायात गेला की तो त्या पायाचा होतो. कोण टाच आपटत चालतो, कोण बोटं रोवतो, कोण दिवसभर एकाच पायावर भार देऊन उभा राहतो, हे सगळं तळव्याला लिहिलं जातं. आणि ते कुणाला वाचता येत असेल तर रफू करणाऱ्या बाईला.

अशाच एका बाईची ही हकिकत. कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून वयानं मोठा असलेला मिस्त्रीसुद्धा मावशीच म्हणायचा, आणि तीही ते चालवून घ्यायची.

कारखाना म्हणजे एक लांबलचक, बुटकी खोली. दोन्ही बाजूंना विणायची मशीनं. प्रत्येक मशीनला पोटरीच्या रुंदीचा एक गोल डबा, त्याच्या कडेनं दाटीवाटीनं उभ्या सुया. वरच्या शंकूसारख्या रिळावरून धागा खाली यायचा, सुया एकीमागून एक खालीवर व्हायच्या आणि डब्याच्या बुडातून मोजा उतरत राहायचा. सगळी मशीनं चालू असली की खोलीत असा आवाज भरायचा, जणू थंडीनं कुडकुडणारी शेकडो माणसं दातावर दात वाजवत बसली आहेत. मोजे सुटे पडत नसत. एकाच्या चवड्याला पुढच्याची कड, मधे कच्च्या धाग्याच्या दोन-चार ओळी, अशी त्यांची माळच्या माळ टोपलीत साचत जायची. कच्चा धागा ओढला की मोजे वेगळे व्हायचे. मग चवड्याची उघडी तोंडं शिवायची आणि पलीकडच्या वाफेच्या खोलीत पत्र्याच्या पायांवर चढवून त्यांना आकार द्यायचा. त्या खोलीत ओळीनं उभे असलेले ते नुसते पाय बघून नव्या पोरी दचकायच्या. जुन्या बायका त्यांच्यावर ओले फडके वाळत घालायच्या.

मावशीची जागा या दोन्हींच्या मधे, खिडकीशी. मोज्यात हात घालायचा, बोटं पसरायची, उजेडाकडे धरायचं. टाका सुटला असेल तर उचलायचा, भोक असेल तर भरायचं. ते तिचं काम.

तिचा एकुलता मुलगा डोंगराकडे रस्त्याच्या कामावर गेला होता. लहानपणी भिंतीवरून पडून त्याचा डावा घोटा मोडला आणि वाकडा जुळला, तेव्हापासून तो त्या पायाच्या बाहेरच्या कडेवर चालायचा. त्याचे मोजे आयुष्यभर तिनंच रफू केले. नेहमी तीच जागा, डाव्या करंगळीच्या खाली, लांबट. घराच्या अंधारात, डोळे मिटून तिनं ती जागा शोधून काढली असती. निघताना तो म्हणाला होता, आई, थंडी संपायच्या आत येतो. थंडी संपली, उन्हाळा झाला, पाऊस झाला. मग मुकादमाकडून निरोप आला, की दरड कोसळली, काही माणसं सापडली, काही सापडली नाहीत. हा न सापडलेल्यांत.

घरी सून होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. दोघी एकमेकींसमोर रडायच्या नाहीत. सून भांडी घासताना रडायची आणि मावशी मशीनांच्या आवाजात. सापडला नाही याचा अर्थ काय, यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. पण सून कुंकू लावायची आणि मावशी त्याचं ताट घासून जागेवर ठेवायची, एवढ्यावरून काय ते कळायचं.

धुक्याचे दिवस सुरू झाले होते. भर दुपारी कारखान्यात दिवे लावावे लागत आणि खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी चिकटून बसलेलं असायचं. अशाच एका दुपारी मावशीच्या हातात एक राखाडी मोजा आला. हात घातला, बोटं पसरली, आणि करंगळीच्या बाजूनं दिव्याचा उजेड आरपार दिसला. तिनं सवयीनं सुई चालवली, भोक भरलं, मोजा टाकला. पुढचा घेतला, तो चांगला होता. त्याच्या पुढचा घेतला. पुन्हा तीच जागा.

ती माळ कोपऱ्यातल्या मशीनची होती. ते मशीन कारखान्यात सगळ्यात जुनं. चालताना सारखं कुरकुरायचं, म्हणून मिस्त्रीनं त्याचं नाव सासूबाई ठेवलेलं. सकाळी तेलाचा डबा घेऊन तो मोठ्यानं विचारायचा, सासूबाईंची तब्येत कशी आहे, आणि बायका हसायच्या. मावशीनं त्याला हाक मारली. त्यानं मोजा उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि भोकाशी डोळा नेला. मग त्याचं हसणं हळूहळू आटत गेलं.

त्याचं म्हणणं असं होतं, की मशीनच्या चुकीलाही एक शिस्त असते. सुई मोडली तर उभी शिडी पडते. धागा बारीक आला तर पायाभोवती गोल पट्टा येतो. एवढ्याच जागी, असं लांबट, कडेला विरत गेलेलं काही मशीनला करताच येत नाही. आणि कडेचे धागे पिंजलेले होते, त्यांवर बारीक गोळे आलेले होते.

"हा वापरलेला मोजा आहे, मावशी," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"आत्ता उतरलाय मशीनवरनं. अजून चवडासुद्धा शिवलेला नाही."

"तेच तर म्हणतोय..."

 मावशीनं तो मोजा मांडीवर पसरला आणि त्या जागेवरून अंगठा फिरवला.  ती जागा ओळखायला तिला डोळ्यांची गरज नव्हती.

त्या दिवशी तिनं त्या मशीनची सगळी माळ स्वतःकडे घेतली. एक मोजा झिजलेला, एक नुसता टाचेशी मळका. एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा. कुणीतरी चालत होतं. तिनं दुहेरी धागा घेतला आणि प्रत्येक डाव्याची ती जागा जाड भरली, जशी मुलाच्या मोज्यांची भरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू झाल्यावर पहिलाच मोजा तिनं ओरबाडून घेतला. ती जागा पातळ होती, पण उजेड आरपार येत नव्हता. जणू कालचं रफू कुणाच्या तरी पायाखाली पोचलं होतं आणि रात्रभर पुरलं होतं.

बाईमाणूस कशावर विश्वास ठेवील सांगता येत नाही, असं शहाणे लोक म्हणतील. त्यांच्या मुलाचा निरोप मुकादमाच्या माणसाकडून, उंबऱ्याबाहेरून आला तर मग बोलावं. मावशीनं विश्वास ठेवला. मुलगा जिवंत आहे, चालतो आहे, घराकडे येतो आहे आणि त्याच्या पायाखालचा धागा आपल्या हातात आहे. या मशीनचं चाक थांबता कामा नये, एवढीच तिची जगाकडे मागणी उरली.

पण कारखाना काही तिच्या मालकीचा नव्हता. सासूबाईंचा निम्मा माल सेकंडमध्ये, म्हणजे खराब मालाच्या ढिगात, जायला लागला तसे धाकटे शेठ येऊन डाफरले. मशीन दुरुस्त करा, नाहीतर भंगारात घाला. मिस्त्रीनं डोकं खाजवत सांगितलं, की सुया मागवल्या आहेत, आल्या की बदलतो. सुया त्याच्याच खणात पडल्या होत्या. मावशीला ते ठाऊक होतं आणि मावशीला ठाऊक आहे हे मिस्त्रीला ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग मावशी रस्ता वाचायला शिकली. काही दिवस दोन्ही चवड्यांच्या टोकाला भोकं पडत होती, म्हणजे उतार लागला असणार, बोटं पुढे ठेचत असणार. मग मोज्यांना ओल्या लोकरीचा वास यायला लागला, म्हणजे नदी ओलांडली असेल. मग नुसती धूळ आणि सारखी, सपाट झीज. म्हणजे डोंगर मागे पडला. ती राहिलेलं रफू टोपलीत भरून घरी न्यायला लागली. सून विचारायची, आत्या, एवढं काम डोक्यावर का घेता, डोळे जातील. ती म्हणायची, गिऱ्हाईक अडून बसलंय ग.

आणि एके दिवशी ती कामावरून घरी आली तेव्हा आतून तळणाचा वास येत होता आणि सून हसत होती. ते हसणं मावशीनं इतक्या दिवसांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं शेजारचं कोणी आलंय. दाराशी बूट होते. आत भिंतीकडे तोंड करून मुलगा बसला होता.

तो वळला आणि म्हणाला, "आई."

आवाज त्याचाच होता. कपाळावरचा व्रण, भुवईतला भोवरा, सगळं त्याचं. मावशीनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मग तिला काही दिसेना. पुढचा सगळा वेळ सून बोलत होती. दार वाजलं म्हणून उघडलं तर हे उभे. काही सांगत नाहीत, नुसते बघतात, दमले असतील. आणि आत्या, पाय बघा. लंगडत नाहीत. तिकडे दवाखान्यात हाड बसवून दिलं असेल, नाही का हो? त्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते कळलं नाही.

पाय धुवायला म्हणून मावशीनंच त्याचे मोजे उतरवले. जाताना तिनं दिलेली राखाडी जोडी होती. डाव्याच्या करंगळीपाशी तिचंच रफू होतं, निघायच्या आदल्या दिवशी केलेलं. टाक्यांवर अजून नव्या धाग्याची चकाकी होती. तळव्याला मळ नव्हता. एक धागा झिजलेला नव्हता.

"गाडी मिळाली वाटतं शेवटपर्यंत?" तिनं विचारलं.

"चालत आलो, आई," तो म्हणाला.

तिनं मोजे घडी करून ठेवले. आनंदाच्या वेळी माणूस हिशेब मागत नाही, आणि तिनंही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. बायकांनी तिला घेरलं, चिडवलं, की आता खिडकीशी बसून उसासे टाकणं बंद, आता नातवाचे मोजे विणायला घ्या. मिस्त्रीनंही हात जोडले. म्हणाला, चला, आता सासूबाईही शांत होतील. दोन-चार दिवस तिनं कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलंच नाही. रफूची टोपली रिकामी आणून ठेवायची, रिकामी न्यायची, लवकर घरी जायची.

चौथ्या का पाचव्या दिवशी मिस्त्री तिच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातात सासूबाईंची माळ होती, आणि ती त्यानं अशी धरली होती जसं मेलेलं काहीतरी धरावं.

"दाखवू की नको, असं झालं होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही बघा..."

डाव्या मोज्यांना तळवाच उरला नव्हता. करंगळीपासून टाचेपर्यंत नुसती भगदाडं, आणि भगदाडांच्या कडा तपकिरी होऊन ताठरल्या होत्या. नव्या कोऱ्या मोज्यांच्या, अजून मशीनचं तेल लागलेल्या. मावशीनं एक मोजा नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. वास रक्ताचा होता. चार दिवस तिनं रफू केलं नव्हतं, आणि चार दिवस कुणीतरी त्याच पायानं, उघड्या तळव्यानं चालतच राहिलं होतं.

मग घरात आहे तो कोण?

हा प्रश्न तिनं डोक्यात पुरता उमटू दिला नाही. तिनं स्वतःला समजावलं, मशीन जुनं आहे, बिघडलंय, योगायोगानं त्या जागी बिघडलंय. तशात धाकटे शेठ आले आणि सांगून गेले, की भंगारवाला बाजाराच्या दिवशी येणार, तोवर याच्यावर चढवलेलं सूत विणून संपवा. तिनं फक्त मिस्त्रीला होकार द्यायचा होता. मशीन गेलं असतं, माळ संपली असती, आणि मग घरातला मुलगा हा तिचा मुलगा झाला असता, कायमचा. सुनेच्या चेहऱ्यावर रंग आला होता. ती आता काम करताना गुणगुणायची. मुलगा घरात हवा होता आणि घरात मुलगा होता. आईनं आणखी काय मागावं?

त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा तो ओसरीवर बसला होता. तो बहुतेक वेळ तसाच बसायचा, पाय जमिनीला न टेकवता.

"आई, ते कोपऱ्यातलं मशीन बंद करायला सांग," तो म्हणाला.

मशीनबद्दल तिनं घरात एक अक्षर काढलं नव्हतं. "तुला काय त्रास त्याचा, राजा?"

"आवाज येतो."

"कारखाना केवढा लांब आहे. इथवर कसा येईल?"

"मला येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी पुन्हा रफूची टोपली भरून आणायला लागली. तिनं ठरवून असं काही ठरवलं नाही. हातच थांबेनात. मिस्त्रीनं भंगारवाल्याला काहीतरी निमित्त सांगून परत लावला आणि तिला एवढंच म्हणाला, "जाड भरा, मावशी. आणि लवकर भरा." आता ती प्रत्येक डावा तळवा तिहेरी धाग्यानं भरत होती. माळेतली भगदाडं लहान होत गेली, तपकिरी कडा फिकट झाल्या. चालणारा सावरत होता, पाय उचलत होता, वेग घेत होता. धुळीचा रंग ओळखीचा व्हायला लागला. आधी नाक्यापलीकडची तांबूस माती, मग पुलावरचा पांढरा चुरा.

घरी ती दिव्याखाली बसून रफू करायची तेव्हा तो समोर बसून बघायचा. डोळे न हलवता, सुई जाईल तिथे बघायचा. एकदा सुनेनं चेष्टेनं विचारलं, शिकायचंय का तुम्हाला? तो हसला. हसताना त्याचे दात दिसले, पण हसण्याचा आवाज आला नाही.

मग एका दुपारी मोज्यांच्या तळव्यांना काळे कण लागून आले. खरखरीत, चमकदार, बोटावर घेतले तर बोट काळं करणारे. कारखान्याच्या मागच्या गल्लीत बॉयलरची राख टाकायचे, तिथली ती राख होती. मावशी उठली आणि तशीच मागच्या दारानं गल्लीत गेली. धुकं इतकं दाट होतं की समोरची भिंत कळत नव्हती. तिनं हाक मारली. मग थोडं पुढे जाऊन पुन्हा मारली. राखेच्या ढिगावरून काहीतरी घसरल्यासारखं वाटलं, पण तिथे कोणी नव्हतं. कारखाना सुटेपर्यंत ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. शेवटी मिस्त्रीनं समजावून तिला घरी पाठवलं. म्हणाला, उद्या सकाळी मीच कंदील घेऊन उभा राहतो. आज जाड भरून ठेवा, तेवढं पुरेल.

ती घरी आली, दिव्याखाली बसली आणि मोजे भरायला लागली. हात भराभर चालत होते. मन गल्लीत होतं. राखेत पाय रुततो, डावा पाय रुतला की त्याला तो काढता येत नाही, लहानपणी वाळूतही त्याला तसंच व्हायचं... सून चुलीशी होती. घरात भात शिजत असल्याचा वास होता.

"कुठवर आलाय?" समोरून आवाज आला.

आईला मुलाच्या आवाजात काही विचारलं की उत्तर आधी जातं, विचार मागून येतो. मान वर न करता मावशी म्हणाली, "राखेच्या गल्लीत."

सुई तिच्या बोटात घुसली. तिनं वर पाहिलं. तो उठून उभा राहिला होता आणि दाराशी जाऊन बूट चढवत होता.

"जरा पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला.

आतून सुनेनं सांगितलं, लवकर या, जेवण होतंय. दार उघडलं, धुक्याचा एक लोळ आत आला आणि दार लागलं. मावशी धडपडत उंबऱ्यापर्यंत गेली. बाहेर काही दिसत नव्हतं. तिला पळायचं होतं, ओरडायचं होतं, पण काय ओरडणार? सावध रहा, म्हणून? कुणाच्या नावानं? दोघांचं नाव एकच होतं. ती तिथेच चौकट धरून उभी राहिली. सुनेनं येऊन तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि तिला हाताला धरून आत नेलं. म्हणाली, आत्या, लहान आहेत का ते आता? येतील.

ती जेवली नाही. पडून राहिली, आणि तो कधी परत आला ते तिला कळलं नाही.

सकाळी ती पोचली तेव्हा मिस्त्री विझलेला कंदील हातात घेऊन गल्लीतून परत येत होता. त्यानं नुसती मान हलवली. दोघं कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेले. पट्टा चढवला, चाक फिरलं, सुया वाजायला लागल्या. पहिला मोजा उतरला. मावशीनं हात आत घातला आणि करंगळीकडे पाहिलं. ती जागा धड होती. तिनं केलेलं तिहेरी रफू जसंच्या तसं तिथे होतं, मशीननं विणल्यासारखं.

मग मिस्त्रीनं तिचं मनगट धरलं आणि मोजा उलटा केला.

टाचेची मागची बाजू गेलेली होती. तळव्याखालची नव्हे, मागची, जिथून पोटरी सुरू होते तिथून. राखेनं काळी झालेली आणि उभ्या रेघांनी फाटलेली. पुढचा मोजा उतरला, तोही तसाच. या वेळी डावा-उजवा असा फरक नव्हता. चालणाऱ्याचे मोजे मागून असे कधी फाटत नाहीत. असे फाटतात ते दोन्ही पाय एकत्र, जमिनीवरून, मागे मागे ओढले गेल्यावर.

"मावशी, खाली बसा," मिस्त्री म्हणाला.

ती बसली नाही. मोजे उतरत राहिले. तसे आणखी काही आले, मग फाटणं कमी होत गेलं, मग एक मोजा आला तो नुसता काळा होता. आणि त्यानंतरचा स्वच्छ. त्याच्या पुढचा स्वच्छ. त्याच्याही पुढचा. मऊ, कोरे, राखाडी, एकसारखे मोजे, कुणाचेही नसलेले. धाकटे शेठ फेरीवर आले, माळ हातात घेऊन त्यांनी ताणून पाहिली आणि मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. शेवटी जमलं म्हणायचं.  त्या दिवशी सासूबाई कुरकुरतही नव्हत्या.

मावशी दुपारीच घरी निघाली. वाटेत तिला फक्त एकच काळजी होती, सुनेची.

सून अंगणात कपडे वाळत घालत होती आणि नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. काल आले ते एकदम ताजेतवाने होऊन आले, म्हणाली. पोटभर जेवले. आणि आत्या, वाईट वाटून घेऊ नका, पण पाय पुन्हा पहिल्यासारखाच झालाय, आज सकाळपासून लंगडतायत. मला मेलीला उलट बरंच वाटलं. इतके दिवस चालताना कोणी दुसरेच वाटायचे.

आत तो खिडकीशी बसला होता. तिला पाहून उठला आणि डाव्या पायाच्या कडेवर भार देत दोन पावलं पुढे आला. पावलं अगदी बरोबर पडत होती. ती जमिनीवर टेकली तसा समोर बसून त्यानं डावा पाय तिच्या मांडीवर ठेवला. पाय जड होता, आणि गार.

"मोजा फाटलाय, आई," तो म्हणाला. "रफू करून दे."

करंगळीच्या खाली भोक होतं. लांबट. तिच्या जुन्या रफूच्या मधोमध. बाहेर सून गुणगुणत होती आणि ओले कपडे झटकल्याचा आवाज येत होता. मावशीनं त्या भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. धागे झिजलेले नव्हते. एकेक धागा तोडलेला होता, शिंपी शिवण संपल्यावर दातानं दोरा तोडतो तसा, आणि कडा अजून ओल्या होत्या.

त्यानं मान वाकवून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन, सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, हळूच विचारलं,

"जागा बरोबर आहे ना?"